पॉप-अप व्हायरसने नाही, आपल्या ‘अलाऊ’ने येतात

मंडळी, आज जरा स्पष्टच बोलणार आहे. राग आला तर येऊ दे.

आपल्यापैकी निम्मे लोक आयटीत. दिवसभर क्लायंटच्या सिस्टिम्स सांभाळतो. आणि घरी डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यात जो कॉम्प्युटर असतो, ज्यावर पोरं होमवर्क करतात आणि भारतातून आलेले आईबाबा पेपर वाचतात, त्याच्यावर दर पाच मिनिटांनी टुण्ण करून चौकोन उगवतो : ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले.’ मग आपण काय करतो? पोरावर ओरडतो. ‘काय काय क्लिक करत बसतोस रे?’ आईबाबांना ओरडता येत नाही, म्हणून नुसता उसासा टाकतो. तो त्यांना जास्त लागतो.

मी हेच केलं. न्यू जर्सीतल्या माझ्या घरात, गेल्या उन्हाळ्यात. अकरा वर्षांच्या मुलाचा कॉम्प्युटर दोन आठवडे बंद केला. बाबा सहा महिन्यांसाठी सांगलीहून आले होते, त्यांना म्हटलं, ‘बाबा, तुम्ही नुसतं वाचत जा, कुठे काही दाबू नका.’ त्यानंतर बाबांनी कॉम्प्युटरला हातच लावला नाही. विचारलं तर म्हणायचे, ‘डोळे दुखतात.’

शेवटी एका शनिवारी मी नीट बसून शोधलं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या साइट्सची यादी होती. पहिलंच नाव अशा साइटचं, जिथे मी क्रिकेटची मॅच फुकट बघितली होती. ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा,’ असं तिने म्हटलं आणि मी दाबलं. मी! पोराने नाही, बाबांनी नाही.

तर मुद्दा हा आहे. घरच्या कॉम्प्युटरवर कोपऱ्यात येणारे हे चौकोन बहुतेक वेळा व्हायरस नसतात. ती आपणच दिलेली परवानगी असते.

थोडा इतिहास सांगतो. जुना पॉप-अप न विचारता घरात घुसायचा. त्याचा कोड नव्वदच्या दशकात ट्रायपॉड कंपनीत लिहिणाऱ्या इथन झुकरमनने २०१४ मध्ये लेख लिहून त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. तोवर ब्राउझरवाल्यांनी असल्या खिडक्या अडवायला सुरुवात करून बरीच वर्षं झाली होती. मग २०१५ मध्ये क्रोममध्ये नवी सोय आली : साइट बंद असली तरी ती तुम्हाला निरोप पाठवू शकते, फक्त एकदा ‘अलाऊ’ म्हणा. सोय बातम्या-ईमेलसाठी होती. ठगांनी ती उचलली. म्हणजे आता चोर दार फोडत नाही, बेल वाजवतो. आणि कोण आहे ते न बघता दार उघडतो आपण.

म्हणूनच आपले नेहमीचे तीन उपाय फुकट जातात.

‘क्लीनर विकत घेऊ.’ अहो, व्हायरसची भीती घालणारा तो चौकोन बऱ्याचदा तेच विकायला आलेला असतो! विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून आहे, फुकट आहे.

‘ॲड ब्लॉकर टाकलाय की.’ चांगलं केलंत. पण तो वेबपेजवरच्या जाहिराती अडवतो. तुम्ही स्वतः दिलेली परवानगी तो काढून घेत नाही.

‘फॉरमॅट मारू.’ डास झाले म्हणून घर पाडणार का?

खरा उपाय दहा मिनिटांचा आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. एजमध्येही सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘नोटिफिकेशन’ टाइप करा, सापडेल. मॅकवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये वेबसाइट्स, मग नोटिफिकेशन्स. ‘अलाऊ’च्या यादीत जी नावं ओळखीची नाहीत ती सगळी काढा. खरं तर सगळीच काढा. मग साइट्सनी परवानगी विचारणंच बंद करा, तो पर्यायही तिथेच असतो. ब्राउझरमध्ये घरातल्या प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल असेल तर हे प्रत्येकात करावं लागतं. इथेच बहुतेक जण चुकतात आणि ‘केलं तरी येतंय’ म्हणतात. त्यानंतरही आलं, तर एक्स्टेन्शन्सची यादी बघा, अनोळखी असेल ते उडवा आणि डिफेंडरचा पूर्ण स्कॅन लावा.

दुसरा प्रकार जास्त वाईट. अख्खा स्क्रीन भरतो, भोंगा वाजतो, मोठ्या अक्षरात फोन नंबर. माऊस हलला तरी काही बंद होत नाही. घाबरू नका. एस्केप दाबून धरा. नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ४. तेही नाही तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद. परत उघडताना ‘आधीची पानं उघडू का?’ विचारलं तर नाही म्हणा. आणि तो नंबर कधीही फिरवू नका. खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतो, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय.

हे पोरांना एकदा सांगितलं की कळतं. आईबाबांचं काय?

माझे बाबा ३४ वर्षं बँकेत कॅशियर होते. खोटी नोट बोटाला कळायची त्यांच्या. परत जायच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या डायरीत मला एक अमेरिकन नंबर दिसला. शेजारी त्यांच्या अक्षरात : ‘कॉम्प्युटर दुरुस्ती. रविवारी विचारणे. पैसे मी देईन.’ तो नंबर त्या भोंगेवाल्या स्क्रीनवरचा होता. आपल्यामुळे बिघडलं असं त्यांना वाटत होतं आणि मुलाला त्रास नको म्हणून ते गुपचूप स्वतःच फोन करणार होते. इंग्रजीत कसं बोलायचं, एवढ्याच संकोचाने थांबले होते.

आणि तिकडून कोणी हिंदीत बोललं असतं तर? अशक्य नाही बरं का. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सीबीआयने मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून, टेक सपोर्टच्या नावाखाली परदेशातल्या लोकांना लुबाडणाऱ्यांवर भारतात छापे घातले. ‘अंकल, घबराइए मत’ एवढं ऐकलं असतं, तर बाबांनी त्याला कॉम्प्युटर रिमोटने हाताळू दिला असता. त्याच कॉम्प्युटरवर माझं बँकेचं लॉगिन सेव्ह केलेलं होतं.

तेव्हा मंडळी, घरातल्या धाकट्यांना आणि थोरांना दोष देणं थांबवा. ओरडा खाल्लेलं माणूस पुढच्या वेळी सांगत नाही, लपवतं. आणि ठगाला तेच हवं असतं.

आज रात्री जेवणं झाली की आधी आपल्या स्वतःच्या परवानग्या काढा. आईबाबांना आणि पोरांना वेगळं साधं अकाउंट करून द्या, ॲडमिनिस्ट्रेटरचं नको. आणि घरात एकच नियम सांगा : स्क्रीनवर काहीही भीतिदायक आलं तर हात काढून घ्यायचा आणि मला हाक मारायची, मी मीटिंगमध्ये असलो तरी. कोणी रागावणार नाही.

कोणी आधीच फोन करून बसलं असेल तर लाजू नका. इंटरनेट तोडा, लगेच बँकेला कळवा आणि दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला. यूकेत बँकेसाठी १५९, अमेरिकेत एफटीसीकडे तक्रार, भारतात आईबाबांसाठी १९३०.

मी मुलाची माफी मागितली. बाबांचीही. बाबा म्हणाले, ‘अरे, मला वाटलं माझंच चुकलं.’

हे वाक्य तुमच्या घरात कोणाला म्हणायला लागू नये.