साठ की आठ?

एरंडोलच्या बाजारपेठेतील एखाद्या भुसारी पेढीवर सकाळी फोन येतो. पलीकडून दलाल 'साठ कट्टे हरभरा डाळ' सांगतो आणि गादीवर बसलेल्या सत्तरीच्या बाबूजींना 'आठ कट्टे' ऐकू येते. चिठ्ठीवर आठचा आकडा पडतो. संध्याकाळी माल भरताना चूक उघडकीस येते. मुलगा म्हणतो, "बाबूजी, तुमचं लक्ष नव्हतं." बाबूजी म्हणतात, "तो दलालच तोंडातल्या तोंडात बोलतो." असे तीन-चार वेळा घडले की फोन हळूहळू मुलाच्या हाती जातो. पन्नास वर्षे भाव तोंडपाठ ठेवणारा माणूस गादीवर बसतो खरा, पण व्यवहारातून उठलेला असतो.

'साठ' आणि 'आठ' या दोन शब्दांत फरक केवळ एका 'स'चा आहे. 'आ' हा स्वर भरदार आणि खालच्या पट्टीचा असल्याने तो भिंतीपलीकडूनही ऐकू येतो. 'स' मात्र अत्यंत क्षीण असून त्याचा नाद बहुतांशी ४,००० हर्ट्झच्या वरचा असतो. माणसाचा कान उतरू लागतो तो नेमका याच वरच्या पट्टीकडून. म्हणूनच ज्येष्ठ मंडळींची तक्रार ठरलेली असते : "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." घरच्यांना ती सबब वाटते. वस्तुतः आपल्या कानाचे इतके अचूक निदान त्यांनी स्वतःच केलेले असते.

कानाच्या पडद्यामागे, कवटीच्या अतिशय कठीण हाडात, वाटाण्याएवढा एक शंख दडलेला आहे. अडीच वेटोळ्यांचा हा शंख म्हणजे कर्णावर्त. डॉक्टर त्याला कॉक्लिया म्हणतात. तो उलगडला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. त्यात ध्वनीची लाट कशी सरकते हे हंगेरीच्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की हे गृहस्थ वैद्य नव्हते. टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करताना ते कानाकडे वळले. उंच पट्टीचे नाद शंखाच्या तोंडाशीच ओळखले जातात, तर खर्जाचे आत टोकाशी, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले.

या शंखात रोमपेशींच्या रांगा असतात. एका कानात त्या सुमारे १५ ते १६ हजार भरतात, म्हणजे एका लहानशा गावाच्या लोकसंख्येइतक्या. डोळ्यातील प्रकाशग्राही पेशी १० कोटींहून अधिक असतात हे लक्षात घेतले म्हणजे निसर्गाने कानाच्या बाबतीत किती हात आखडला आहे ते कळते. यांपैकी बाहेरच्या तीन रांगांतील पेशी आखडून-लांबून क्षीण ध्वनीला बळ देतात आणि आतल्या एका रांगेतील सुमारे साडेतीन हजार पेशी तो संदेश चेतातंतूंच्या हवाली करतात. पक्ष्यांमध्ये मेलेल्या रोमपेशींच्या जागी नव्या उगवतात, असे १९८८ साली आढळले. माणसाला मात्र जन्मतः मिळालेल्या भांडवलावरच आयुष्य काढावे लागते.

बाहेरच्या रांगा झिजल्या की एक विचित्र स्थिती उद्भवते. हळू आवाज पोहोचत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा भासतो. सून दोनदा हळू बोलते आणि तिसऱ्यांदा ओरडते, तेव्हा सासूबाई कानावर हात ठेवून म्हणतात, "ओरडतेस कशाला, मी काय बहिरी आहे?" यात हट्ट नाही. ऐकू येणे आणि असह्य होणे यांमधली जागाच अरुंद झालेली असते. अशा माणसाशी बोलताना आवाज चढवण्याऐवजी समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलणे अधिक उपयोगी पडते.

बोस्टनच्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये मांडलेला निष्कर्ष याहून अस्वस्थ करणारा आहे. त्यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा गोंगाट ऐकवला. काही दिवसांत त्यांची श्रवणक्षमता चाचणीत पूर्ववत दिसू लागली आणि रोमपेशीही शाबूत होत्या. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पाहता, उंच पट्टीच्या भागात रोमपेशी व चेतातंतू यांना जोडणारे सांधे जवळजवळ निम्मे कायमचे गळून पडले होते. जिवंत प्राण्यांवरील असे प्रयोग अहिंसेची जाण असलेल्या वाचकांना रुचणार नाहीत, आणि ते स्वाभाविकही आहे. मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी कानांच्या तपासणीतही वयोमानानुसार असाच ऱ्हास पुढे आढळला. हे सांधे कमी झाले तरी शांत खोलीत माणूस नीट ऐकतो. लग्नाच्या पंगतीत किंवा भर दुकानात मात्र त्याला शब्द वेगळा काढता येत नाही. त्यामुळे कान तपासताना केवळ 'पी-पी' ऐकवणाऱ्या चाचणीवर न थांबता गोंगाटात बोलणे किती समजते, हेही पाहावयास सांगावे.

खानदेशात या गोंगाटाची कमतरता नाही. जळगाव परिसरातील डाळ मिल, कापसाच्या जिनिंग, धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावरचे कर्णे आणि अलीकडे वरातीपुढचे डीजे! तपस्येच्या शोभायात्रेतही डीजे शिरला आहे, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्था ८५ डेसिबलच सुचवते आणि पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा धरते. या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये १५ मिनिटांतच दिवसाचा वाटा संपतो. मिलमध्ये दिवसभर उभा राहणारा हमाल किंवा यंत्रचालक तक्रार करत नाही, कारण त्याला दुखत नाही. त्याच्यासाठी कानातली बोंडे आणि वर्षातून एकदा श्रवणचाचणी यांचा खर्च डाळीच्या दोन-चार कट्ट्यांहून अधिक होत नाही, आणि तो मालकाने करावयाचा आहे.

कान उतरला की मेंदूवर भार पडतो. तुटक शब्द जोडण्यातच त्याची शक्ती खर्च होते आणि माणूस बैठकीतून, प्रवचनातून अंग काढून घेऊ लागतो. ध्वनिवर्धकाविना होणाऱ्या प्रवचनात मागच्या रांगेतील कित्येक वृद्ध केवळ मान हलवत असतात. 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये २०२४ मध्येही श्रवणदोषाला अग्रस्थानी ठेवले. यंत्राने हा धोका टळतोच असे म्हणता येत नाही. अमेरिकेत सुमारे हजार वृद्धांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण गटात तीन वर्षांनी फरक दिसला नाही; ज्यांना धोका आधीच अधिक होता, त्यांच्यात मात्र बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली.

नवे उपचार येत आहेत. जन्मतः ओटीओएफ जनुकात दोष असलेल्या सहा बालकांवर शांघायमध्ये जनुकोपचार झाले आणि २०२४ च्या अहवालानुसार पाच जणांना ऐकू येऊ लागले. जन्मबधिर बालकांसाठी कॉक्लियर इम्प्लांट तर मुंबईत रुळलेली शस्त्रक्रिया आहे. त्या क्षेत्रातील डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून श्रवणदोषासाठी कार्यरत आहे. वयोमानाने उतरलेल्या कानात रोमपेशी पुन्हा उगवणारे औषध मात्र आजही उपलब्ध नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवावेत. कानात तेल सोडण्याने तर काहीच साधत नाही. मध्ये पडदा असल्याने ते शंखापर्यंत पोहोचतच नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र 'मळ असेल' म्हणून वाट पाहू नये. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे, कारण तेथे उपचाराला दिवसांचीच मुदत असते.

यंत्र घेऊन ते तिजोरीत ठेवणारी घरे पुष्कळ आहेत. पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, कारण मेंदूला विसरलेले नाद पुन्हा ओळखावे लागतात. त्यास काही आठवडे लागतात. तोवर पेढीवर काही सोयी करता येतात. बाबूजींची गादी रस्त्याकडून आत, भिंतीला पाठ लावून घ्यावी. फोन आला की पंखा आणि रेडिओ बंद करावा. दलालाने 'साठ' म्हणून न थांबता 'साठ, सहा-शून्य' म्हणावे आणि बाबूजींनी तो आकडा परत म्हणून दाखवावा. ट्रक सुटण्यापूर्वी चिठ्ठी एकदा बाबूजींच्या हाती द्यावी. वाचण्यात त्यांची चूक सहसा होत नाही.