एका 'बरं'ची किंमत

हॉस्टेलला प्रवेश घेताना आपण एक फॉर्म भरतो, आठवतंय? खोली क्रमांक, एक कॉट, एक टेबल, एक खुर्ची, कपाट, ट्यूब, फॅन... आणि खाली सही. फर्स्ट इयरला आपण ती हसत हसत ठोकतो. वर्षअखेरीला रेक्टर सर तोच कागद घेऊन येतात आणि खुर्चीचा चौथा पाय कुठे गेला असं विचारतात, तेव्हा हसू जातं. तरीही मित्रांनो, माझं स्पष्ट मत आहे की तो फॉर्म फार थोर वस्तू आहे. आमच्या घरी तसा एक असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आमचं घर सांगलीत. मागच्या दोन खोल्या २००८ पासून एका काकांना भाड्याने दिलेल्या. करार कसा झाला? आण्णांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) ओसरीवर चहा पाजला, काकांनी डिपॉझिट हातात ठेवलं, झाला करार! दरमहाचं भाडं आण्णा कालनिर्णयच्या चौकोनात लिहायचे, दुधाच्या हिशेबाशेजारी. पावती त्यांनी कधी दिली नाही आणि काकांनी कधी मागितली नाही. अकरा वर्षं एक शब्द वाकडा गेला नाही. काकूंच्या लोणच्याची बरणी दर उन्हाळ्यात आमच्याकडे यायची.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. पाणी उतरलं तेव्हा मागच्या खोल्यांचं प्लास्टर, वायरिंग, सगळंच गेलेलं. आण्णांच्या हातात तेव्हा पैसा नव्हता. काका म्हणाले, "मी करून घेतो, भाड्यातून वळते करू." आण्णा म्हणाले, "बरं."

या एका 'बरं'वर पुढची सगळी भानगड उभी आहे. खर्च आला ४२,०००. भाडं होतं ३,५००. काकांनी बरोबर बारा महिने भाडं दिलं नाही. आण्णांचं म्हणणं, प्लास्टर-वायरिंगचे २८,००० मला मान्य होते. रंग आणि माळा तुम्ही हौसेने केलात, ते १४,००० माझ्यावर कसे? काकांचं म्हणणं, तुम्ही सगळ्याला हो म्हणाला होतात. बोलता बोलता डिपॉझिटही निघालं. आण्णांच्या मते वीस हजार, काकांच्या मते तीस. जुनी कालनिर्णयं ट्रंकेत होती आणि ट्रंक पाण्यात गेली होती. दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. ज्याला त्याला आपापलं खरं आठवतंय, एवढंच.

लोणचं बंद झालं.

मी मेकॅनिकलचा, कायद्याचा नाही. पण एका सुट्टीत चिडून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ वाचायला घेतला. हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे, म्हणजे आमच्या ओसरीवरच्या चहाच्या आधीपासून. त्याचं कलम ५५ वाचून मी उडालोच. भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि ही नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि खरी मेख पुढे आहे. असा करार नसेल, तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरायचं. उलट सिद्ध करायचं ते मालकाने. म्हणजे उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर काकांचे बेचाळीस आणि काकांचे तीस! आण्णांच्या हातात फक्त 'मला चांगलं आठवतंय'.

आण्णांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "अकरा महिन्यांच्या आत असलं की नोंदणी लागत नाही." हा समज इतका पक्का आहे की आपल्या कॉलेजातले, गावात फ्लॅट भाड्याने देणारे एक-दोन सरही तसंच सांगतात (सर, माफ करा!). १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून ही अकरा महिन्यांची पळवाट निघाली. पण आपल्या राज्यात कलम ५५ ला मुदतीशी देणंघेणं नाही. स्टँप पेपरवर नोटरी करून आणलं म्हणजे नोंदणी झाली असं नाही. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती दिली, ते तर वेगळंच काम. आणि खर्च तो किती? चार हजार भाडं, वीस हजार डिपॉझिट, अकरा महिने, असं धरलं तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क शंभर-सव्वाशे रुपये होतं. शहरात नोंदणी फी एक हजार. एजंट घेतला तर त्याचे वेगळे.

मग लोक करत का नाहीत? मला वाटतं कारण पैशाचं नाही, भीतीचं आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने १९४८ चा कुळकायदा पाहिला. १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं जमिनीची मालक झाली, आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात एकच धडा राहिला : कागदावर दुसऱ्याचं नाव येऊ द्यायचं नाही. पण कूळ कागदामुळे झालं नव्हतं, कसण्यामुळे झालं होतं. घराच्या बाबतीत तर गणित उलटं आहे. लेखी लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली मालकाला ताबा मागता येतो, आणि खोली न सोडणाऱ्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागतात. तोंडी व्यवहारात हे काहीच हातात राहत नाही.

कोणी म्हणेल, हा मालकाचा पोरगा, मालकाचीच बाजू घेणार. थांबा. सेकंड इयरला हॉस्टेलची सीट गेली तेव्हा आम्ही चौघे कॉलेजबाहेर खोली घेऊन राहिलो. तेही तोंडीच. मे महिन्यात पंधरा हजारांच्या डिपॉझिटमधून 'रंगाचे' चार हजार कापले गेले. रंग आम्ही गेलो तेव्हाही उडालेलाच होता, पण ते लिहिलं कुठे होतं? कलम ५५ आमच्या बाजूने होतं, पण चार हजारांसाठी परीक्षेच्या तोंडावर कोर्टात कोण जातं? म्हणून मालकाने करार केला नाही तर आपणच मागावा, आणि सोबत हॉस्टेलच्या फॉर्मसारखी यादी जोडावी. भिंतीवरच्या ओलीसकट!

एक गोष्ट मात्र कबूल करतो. कराराच्या कागदात पूर कोणी लिहीत नाही. 'वळते करू' हे मधेच ठरतं, आणि तेही त्याच दिवशी दोन ओळींत लिहून दोघांनी सही केली तरच उपयोग.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा आण्णांना म्हटलं, आता तरी काकांशी बसून लेखी करा. आण्णा म्हणाले, "इतकी वर्षं राहतोय माणूस, आता कागद कसा पुढे करू?" शेवटी मीच मागच्या दारी गेलो. इतक्या वर्षांच्या भाडेकरूला अकरा महिन्यांच्या लायसन्सवर सही करा म्हणणं बरोबर नाही, ते त्यांचे हक्क काढून घेणं होईल. म्हणून आहे तोच भाडेव्यवहार लेखी करायचा, असं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आण्णा म्हणतील त्या दिवशी येतो सहीला. पण आधी त्यात बेचाळीस लिही."