आपल्याच घरातून हद्दपार झालेले पालक

कनकादित्याची कशेळी राजापूर तालुक्यात आहे. ही कशेळी भिवंडी तालुक्यातली; ठाण्याचा बाळकुम नाका सोडून खाडीवरचा पूल ओलांडला की लागणारी. भातशेतीवर आणि खाडीवर जगणारे हे गाव. आता पुलापासून काल्हेर, पूर्णा, अंजूरफाट्यापर्यंत गोदामांची रांग आहे आणि त्या रांगेच्या आसपास उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुंबई-ठाण्यात घर घेणे ज्यांना परवडले नाही अशा असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांनी येथे संसार थाटले. गृहकर्जाचा हप्ता, गाडीचा खर्च, रोजचा प्रवास हे सारे ही कुटुंबे विनातक्रार सोसतात. का, असे विचारले तर उत्तर एकच मिळते : ‘मुलांच्या शिक्षणासाठी.’

या उत्तरातील त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यागाची दिशा चुकली तर त्याचे मोल मुलांनाच चुकवावे लागते आणि कशेळीत, तसेच महाराष्ट्रातील अशा शेकडो उपनगरी वस्त्यांत, नेमके तेच घडत आहे. मुलाच्या शिक्षणावरचा खर्च पालकांनी वाढवत नेला आणि त्या शिक्षणातून स्वतःला मात्र वजा केले. आरोप कठोर आहे. म्हणून तो तपशिलाने मांडला पाहिजे.

पहिली वजाबाकी होते ती शाळाप्रवेशाच्या दिवशी. ज्या घरात आई, बाबा, आजी, आजोबा सगळे मराठीत विचार करतात, मराठीत रागावतात आणि मराठीतच स्वप्न पाहतात, त्या घरातील साडेतीन वर्षांचे मूल अशा शाळेत पाठविले जाते जिथली भाषा घरात कोणालाच धडपणे येत नाही. पहिली-दुसरीपर्यंत चित्रांच्या आधारे गाडे रेटले जाते. तिसरीत परिसर अभ्यासाचा धडा येतो. मूल विचारते, ‘आई, याचा अर्थ काय?’ पदवीधर आई पुस्तक हातात घेते, दोन ओळी वाचते आणि म्हणते, ‘उद्या क्लासच्या टीचरना विचार.’ वाक्य साधे आहे, पण त्याचा परिणाम साधा नाही. आपली आई शाळेच्या कामाची नाही, हे त्या दिवशी मुलाला कळते. आजोबा तर त्याआधीच बाद झालेले असतात. घरातील चार मोठ्या माणसांचे मिळून शे-दीडशे वर्षांचे शहाणपण केवळ माध्यमाच्या एका निर्णयाने त्या मुलाच्या अभ्यासाबाहेर फेकले जाते. ज्या पालकांनी हा निर्णय घेतला त्यांनी स्वतःवरच हद्दपारीची नोटीस बजावली, असे म्हणावे लागेल.

येथे नेहमीचा प्रश्न येतो. मग मुलांना इंग्रजी येऊ नये काय? आलेच पाहिजे, आणि उत्तम आले पाहिजे. परंतु इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून सर्व काही शिकणे या भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्रात मराठी शाळांतूनही इंग्रजी हा विषय २००० सालापासून पहिलीपासूनच शिकविला जातो. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून घेण्याची सोय देणारे सेमी-इंग्रजी वर्गही अनेक मराठी शाळांत आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्यातही शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावी असे नमूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरची भाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले. कायदा, धोरण आणि बालशिक्षणाचे अनुभवी अभ्यासक एका बाजूला, आणि इमारतीच्या उद्वाहनात भेटणारे शेजारी दुसऱ्या बाजूला! आपण शेजाऱ्यांचे ऐकतो. (घरची भाषा म्हणजे केवळ मराठी नव्हे. याच इमारतींत हिंदी, गुजराती, तेलुगू बोलणारी घरे आहेत. त्यांनाही हाच न्याय लागू आहे.)

दुसरी वजाबाकी म्हणजे शिकवणी. घरात विचारायला कोणी उरले नाही म्हणजे ‘क्लास’ आलाच. एकेकाळी दहावीच्या वर्षी गणितासाठी लावली जाणारी शिकवणी आता दुसरीपासून, सर्व विषयांना आणि आठवड्यातून सहा दिवस लागते. ‘असर’ या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात पहिली ते आठवीच्या मुलांमध्ये पैसे मोजून शिकवणी लावणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २६.४ टक्के होते. २०२२ मध्ये ते ३०.५ टक्के झाले. त्याच काळात पाचवीतील ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो त्यांचे प्रमाण ५०.५ वरून ४२.८ टक्क्यांवर घसरले. या घसरणीला महासाथीत बंद राहिलेल्या शाळा मुख्यतः कारणीभूत होत्या, हे मान्य. शिकवणीमुळे वाचन बिघडले असे कोणी म्हणणार नाही. परंतु शिकवणी लावली म्हणजे मूल वाचू लागते, या समजुतीला या आकड्यांत आधार सापडत नाही, एवढे तरी मान्य करावेच लागेल.

आणि या व्यवहारात मुलाच्या दिवसाचे काय होते? कशेळीतून ठाण्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलाची बस भल्या पहाटे येते, कारण पुलावरच्या कोंडीचा नेम नाही. अवजड कंटेनरांची वाहतूक या रस्त्याच्या पाचवीलाच पुजलेली. त्यात डिसेंबर २०१८ मध्ये ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो-५ चे भूमिपूजन झाले आणि रस्त्यात बॅरिकेड उभे राहिले. त्या वर्षी पहिलीत असलेले मूल आज माध्यमिक शाळेत आहे. त्याचे अवघे प्राथमिक शिक्षण धुळीत आणि कोंडीत झाले. दुपारी परत, घाईचे जेवण, क्लास, क्लासचा गृहपाठ, मग शाळेचा गृहपाठ. आठ-साडेआठला बाबा घरी येतात तेव्हा मूल पेंगुळलेले असते आणि बाबांच्या हातात मोबाईल असतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी असे निद्रातज्ज्ञ सांगतात. रात्री अकराला झोपून पहाटे साडेपाचला उठणाऱ्या मुलाला मिळते साडेसहा तास. उरलेली झोप ते वर्गात काढते. पण त्या वर्गाचे शुल्क आपण जागेपणाच्या दराने भरलेले असते!

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. त्याला बसचालकांच्या संघटनांनी विरोध केला. त्यांचा धंदा आहे, एकवेळ समजू शकते. परंतु आमच्या कार्यालयाच्या वेळा बिघडतील म्हणून काही पालकांनीही नाके मुरडली, याला काय म्हणावे? दप्तराविषयीच्या २०२० च्या राष्ट्रीय धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्यातून जास्तीत जास्त दोन तास, असे म्हटले आहे. आठवड्यातून दोन तास! आपल्याकडे एवढा गृहपाठ एका संध्याकाळी होतो, आणि कमी दिला तर ‘शाळा काही शिकवत नाही’ अशी तक्रार घेऊन जाणारेही पालकच असतात. सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग संस्थांनी प्रवेश देऊ नये, अशा मार्गदर्शक सूचना केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये काढल्या. त्या कागदावर राहू नयेत म्हणून किती पालकांनी आवाज उठविला?

हा प्रश्न केवळ गुणांचा असता तर एवढे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे आयुष्य संपविले, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता. प्रत्येक घटनेमागे अभ्यासच असतो असे नव्हे. अशा दुःखाची कारणे गुंतागुंतीची असतात. परंतु घाबरलेले मूल प्रथम कोणाकडे जाते? ज्याच्याशी रोज बोलण्याची सवय आहे त्याच्याकडे. ही सवय सातवीत वा नववीत संकट आल्यावर लावता येत नाही. ‘किती मिळाले?’ याखेरीज दुसरा प्रश्न ज्या घरात पाच-सात वर्षे विचारलाच गेला नाही, तिथे मूल आपली भीती कोणत्या शब्दांत सांगणार? वागणे अचानक बदलले, झोप उडाली, खेळणे सुटले, तर ‘नाटके करतो’ म्हणून झिडकारू नये. शासनाची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क सेवा आहे. तिथे मराठीतून बोलता येते. फोन करण्यात कसलीही अप्रतिष्ठा नाही.

मग पालकांनी शिक्षक व्हावे काय? मुळीच नाही. पालकाने पालकच राहावे, पण हजर राहावे. याच जिल्ह्याने (पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या ठाणे जिल्ह्याने) देशाला या बाबतीत एक मोठा धडा दिला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्याचे मर्म काय होते? मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना नावे ठेवली नाहीत. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. खडे, बिया, पाने, शिंपले हीच साधने. मुलाच्या भोवतीचे जग हेच त्याचे पहिले पुस्तक, हे त्यांनी वारली मुलांच्या अंगणात सिद्ध केले. आपण मात्र सदनिकेत राहून, महिन्याला काही हजार मोजून, मुलाला त्या पहिल्या पुस्तकापासून तोडत आहोत.

कशेळीच्या मुलाचे पहिले पुस्तक तर दारातच उघडे आहे. ती खाडी. गावातल्या जुन्या आगरी-कोळी माणसाला विचारा, आज भरती किती वाजता? तो घड्याळ पाहत नाही, तिथी मोजतो. तिथीची पाऊणपट करायची. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास समुद्रकिनारी भरती. खाडीत आत थोडी उशिरा. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे का सरकते, हा प्रश्न मुलाला पडला की चंद्राचे भ्रमण, पृथ्वीचे परिवलन, अपूर्णांकांचा गुणाकार आणि पंचांग अशा चार गोष्टी एकाच संध्याकाळी पुलाच्या कठड्याशी उभ्या राहतात. आजोबांना पाऊणकी पाठ असेल, तर हद्दपार झालेले आजोबा त्या संध्याकाळी सन्मानाने परत येतील. त्यांना ‘फ्रॅक्शन’ हा शब्द ठाऊक नसेल. पाऊणकी ठाऊक आहे. यासाठी शुल्क नाही, ॲप नाही. लागतो तो अर्धा तास आणि समान भाषा.

‘वेळच नाही’ ही सबब खरी आहे, आणि अर्धवट खरी आहे. तीन-चार तास प्रवासात घालविणाऱ्या आईबापांना उपदेश करणे सोपे आहे, याची जाणीव आहे. पण मुलाला रोज दोन तास लागत नाहीत. रात्रीचे जेवण दूरदर्शनसंच आणि मोबाईल बंद ठेवून एकत्र होणे, झोपण्यापूर्वी दहा मिनिटे मोठ्याने वाचून दाखविणे, आठवड्यातून एकदा बाजाराचा हिशेब मुलाकडून करून घेणे, आणि रोज तासभर त्याला मोकळे खेळू देणे, एवढ्याने प्रारंभ होतो. यातील शेवटची गोष्ट तर आपण काही न करण्यानेच साधते.

आणि हे प्रामुख्याने कार्यकर्त्यांच्या घरांसाठी. आठवड्यातील पाच संध्याकाळी समाजाच्या कामासाठी बाहेर असणारा, दुसऱ्यांच्या मुलांना तळमळीने गोष्टी सांगणारा कार्यकर्ता स्वतःच्या मुलाच्या वर्गशिक्षकांचे नाव सांगू शकतो काय? पुष्कळांना सांगता येणार नाही. ‘ते सगळं ही बघते’ हे उत्तर अभिमानाने दिले जाते. वस्तुतः ती अर्ध्या पालकत्वाची जाहीर कबुलीच असते.

घराबाहेरही पालकांना स्थान आहे, पण ते रिकामे पडले आहे. शिक्षण हक्क कायद्याने, विनाअनुदानित शाळा वगळता, प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती अनिवार्य केली आणि तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरविले. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेवर आपण खिडकीतून टीका करतो, त्या शाळेच्या समितीवर पालकांचेच बहुमत असते. खासगी शाळांतही शुल्कनियमनाच्या २०११ च्या कायद्याने पालक-शिक्षक संघाला अधिकार दिले. परंतु या संघाची सभा भरते तेव्हा चर्चा होते ती शुल्काची आणि स्नेहसंमेलनाच्या वेशभूषेची. बस किती वाजता येते, तिसरीला गृहपाठ किती, खेळाचा तास गणिताच्या शिक्षकांनी घेतला का, आणि याच शाळेतील शिक्षक संध्याकाळी पैसे घेऊन शिकवणी तर चालवीत नाहीत ना (कायद्याने त्यांना ती मनाई आहे), हे प्रश्न इतिवृत्तात कधी दिसत नाहीत. पुढच्या सभेची सूचना मुलाच्या दप्तरात आलेली असेल. त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकावी, आणि पहिला प्रश्न बसच्या वेळेचा विचारावा.