चाळिशी आणि लाल ठिपका

चाळिशी लागली की वर्तमानपत्र लांब धरावे लागते. अमेरिकेत कपड्यांआड पिस्तूल बाळगणाऱ्यांनाही हीच अडचण येते. नेम धरताना मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणायचे. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो, आणि उतारवयात हातभर अंतरावरची माशीच पुसट होते!

यावर उपाय लाल ठिपक्याचा. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ साली असे साधन बाजारात आणले. पिस्तुलावर मावेल इतके ते पुढे लहान झाले. बारीक दिव्याचा प्रकाश काचेवरून परतून डोळ्यात येतो. हा लेसर नव्हे. समोरच्याच्या अंगावर काही पडत नाही. नजर लक्ष्यावरच ठेवायची.

मात्र मनगट जरा कलले की ठिपका गायब, आणि घाबरलेला माणूस तो शोधत बसतो. अंगालगत घाम आणि कपड्यांची लवही काचेवर बसते. अंधारात समोर चोर आहे की उशिरा परतलेला मुलगा, हे तर ठिपका सांगतच नाही. म्हणून हातात विजेरी हवीच. जुनी माशीही बरेचजण ठेवतात. सेल मात्र दरवर्षी, वाढदिवसाला म्हणा, आठवणीने बदलायचा.