अंतराय कोण घालतंय?



आज थोडं कडू लिहिणार आहे. माझी नात सारसोळ्यातून चालत जाता येईल अशा कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. बारावीनंतर तिला इंजिनिअरिंगच हवं होतं. ‘घराजवळ मिळतंय ते घे’ असं आम्हीच सांगितलं. त्या ‘आम्ही’त मीही होते. पोरीने गुपचूप अभ्यास करून पुन्हा सीईटी दिली आणि यंदा कॅप राउंडमध्ये पुण्याच्या कमिन्स कॉलेजात जागा मिळवली. प्रवेश पक्का करायला मोजके दिवस, आणि घरात चर्चा काय? ‘एक वर्ष फुकट गेलं.’ ‘होस्टेलवर कांदा-बटाटा.’ ‘सूर्यास्तानंतरचं जेवण.’

याच घरातून तिच्या काकाला कर्ज काढून बाहेरगावी शिकायला पाठवलं, तेव्हा सूर्यास्त कोणी विचारला होता? मुलाचं कॉलेज आपण शाखा बघून ठरवतो, मुलीचं अंतर बघून. आणि नाव मात्र धर्माचं पुढे करतो.

मी कॉमर्सची आहे, म्हणून हिशेबच मांडते. गेलेलं वर्ष परत येत नाही, मग पुढचा निर्णय त्याच्यावर का टांगायचा? नको असलेल्या अभ्यासात आणखी दोन वर्षं घालणं हा खरा तोटा. खर्चाची काळजी रास्त आहे. पण 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी गटांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आपल्यातल्या कितीजणींनी वेळेत दाखला काढला? होस्टेल-मेसचा खर्च राहतोच, तो आधीच मोजा.

राहिली सुरक्षिततेची भीती. कमिन्स हे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं 1991 सालचं, फक्त मुलींचं कॉलेज आहे. यापेक्षा वेगळं काय हवं आहे आपल्याला?

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचं नाव आपण समाजात अभिमानाने घेतो. घरचा व्यापार सोडून ते रेल्वेच्या बांधकामात उतरले, पुढे जहाजं आणि विमानांचे कारखाने उभे केले. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज त्यांच्या नावाने आहे. वाट बदलणारा मुलगा आपला आदर्श, आणि वाट बदलणारी मुलगी ‘हट्टी’?

आता धर्माचं. आदिनाथ भगवंतांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक. तीर्थंकरांनी लेकीला गणित शिकवलं, हे आपण पाठशाळेत सांगतो. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची कारणं आहेत, त्यात ज्ञानात अंतराय घालणं हेही आहे. कंदमूळ टाळणाऱ्या आपण हे पाप रोज किती सहज बांधतो!

नियम पाळायची वाट निघते. मेसमध्ये आधी बोलून दिवसाउजेडी डबा मागता येतो, खाकरे आणि फळं खोलीत ठेवता येतात. नियम तिचा आहे, तो तिच्या मनाने टिकेल, आपल्या पहाऱ्याने नाही.

मुलीला शाखा मनापासून हवी आहे का, हे मात्र जरूर विचारा. भावंडांच्या ईर्ष्येने कॉलेज बदलत असेल, तर थांबवा. पण ‘हो’ म्हणाली, तर बाजूला व्हा.

मी विचारलं. ती हो म्हणाली. उद्या पहाटे तिच्यासोबत पुण्याला निघते आहे. दशम्या झाल्या आहेत. गेल्या वर्षी जे बोलले, त्याचं मिच्छामि दुक्कडम् तिलाच म्हणणार आहे, गाडीत.