नवशिकी कोण?

परतूरसारख्या तालुक्याच्या गावी कॉलेजात ‘नवशिक्यांसाठी हस्तकला शिबिर’ ठरतं, तेव्हा मला विचारावंसं वाटतं : नवशिकी कोण? जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवणाऱ्या आयांच्या या लेकी? वारली लग्नातला चौक भिंतीवर सवाशिणीच लिहीत आल्या. १९७०च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, विकली जाऊ लागली. नाव झालं जिव्या सोमा म्हसे यांचं. २०११ची पद्मश्री त्यांना मिळाली, ते योग्यच. पण त्या सवाशिणींची नावं कुणाला ठाऊक आहेत? म्हणून मैत्रिणींनो, शिबिरात वाकळ शिवणारीलाच शिक्षिका म्हणून बोलवा, तिला मानधन द्या. मुलग्यांच्याही हाती सुई द्या. आणि मुलींना टाक्याबरोबर मजुरीचा हिशेब शिकवा, आपल्या कामावर आपलं नाव घालायलाही शिकवा.