सापळ्यातल्या नोटा

लाचखोर पकडल्याची बातमी चार ओळींत संपते. तक्रारदाराने काय सोसले, ते त्यात येत नाही. फेरफारासाठी किंवा थकलेल्या बिलासाठी हेलपाटे घालून तो आधीच जेरीस आलेला असतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागात तक्रार दिली की पंचांसमोर मागणीची पडताळणी होते. मग बहुधा स्वतःच्याच खिशातल्या नोटा तो टेबलावर ठेवतो. त्यांचे क्रमांक पंचनाम्यात उतरतात, नोटांना अँथ्रासीनची पावडर लागते आणि त्या घेऊन त्याला पुन्हा त्याच साहेबासमोर उभे राहायचे असते. पुढे अतिनील दिव्याखाली साहेबाची बोटे चमकतात. नोटा मुद्देमाल होतात. ती रक्कम शासन नंतर परत करते, पण कोर्टाच्या तारखा, गावातले वैर आणि ‘मिटवून टाक’ म्हणणारे पाहुणे यांची भरपाई कोणी करत नाही.

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांसाठी या विभागाचे परिक्षेत्र कार्यालय आपल्या संभाजीनगर शहरात आहे. तिथे जाणारा माणूस वेगळा कशाने ठरतो? त्याच रांगेतले बाकीचे पैसे देऊन मोकळे होतात, हाच का अडून बसतो?

पदरचे घालून अन्यायाला शिक्षा करण्याची ही वृत्ती मेंदूशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तपासली आहे. खेळ साधा आहे. एकाने रकमेची वाटणी सुचवायची, दुसऱ्याने ती घ्यायची किंवा धुडकावायची. धुडकावली तर दोघांनाही काही नाही. २००३ साली ॲलन सॅन्फी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अन्याय्य वाटणी समोर येताच मेंदूतला इन्सुला हा भाग चेततो. किळस येते तेव्हाही हाच भाग चेततो. ज्यांच्यात तो अधिक चेतला, त्यांनी वाटणी अधिक वेळा धुडकावली. २००६ साली झुरिचमध्ये डारिया नॉख, अर्न्स्ट फेर आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय स्पंदांनी खेळणाऱ्यांच्या कपाळामागच्या उजव्या भागाचे काम थोडा वेळ मंदावले. वाटणी अन्याय्य आहे हे त्या लोकांना तेव्हाही कळत होते, तरी त्यांनी ती अधिक वेळा स्वीकारली. २०१० साली नॉख यांच्याच गटाला आढळले की स्वस्थ बसलेल्या माणसाच्या उजव्या कपाळामागची विद्युत हालचाल जितकी जास्त, तितका तो शिक्षेसाठी स्वतःचे पैसे घालवायला तयार असतो.

अन्याय कळणे वेगळे आणि त्याला नकार देणे वेगळे, हे या प्रयोगांचे सार मला फार मोलाचे वाटते. आपल्या कचेऱ्यांच्या व्हरांड्यात न कळणारा माणूस एकही नसतो.

पण यावरून कोणी म्हणेल, काहींचा मेंदूच लढाऊ, बाकीच्यांचा इलाज नाही. ते साफ चूक आहे. कार्ला हॉफ, मयुरेश क्षेत्रमाडे आणि फेर यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत असाच खेळ मांडला. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. आपल्याच जातीच्या माणसावर अन्याय झाला, तरी तथाकथित खालच्या जातींतले लोक शिक्षा करायला उच्च जातींपेक्षा कमी धजावले. संपत्ती आणि शिक्षणाचा फरक हिशेबात घेऊनही हे अंतर उरले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना शिक्षा करण्याचा हक्कच नव्हता, त्यांचा हात आखडणारच.

आणि तो हात उठतोही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे पेटवली गेली. तरी १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत विद्यार्थी, शेतमजूर, बाया मागे हटल्या नाहीत. लाँग मार्च निघाले, तुरुंगवास झाला, जीव गेले. त्या माणसांमागे चळवळ होती आणि बाबासाहेबांनी १९५० मध्ये उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयातून शिकून निघालेल्या पिढ्या होत्या. पाठीशी कोणी असले की अंगात बळ येते.

लाचेविरुद्ध उभा राहणारा माणूस आज एकटा आहे. सापळ्याची रक्कम सरसकट शासनानेच पुरवावी. ज्या कामासाठी लाच मागितली, ते काम ठरलेल्या मुदतीत पुरे करण्याची जबाबदारी त्या कार्यालयाच्या प्रमुखावर टाकावी. खटला लांबला की तक्रारदारावर दबाव वाढतो आणि साक्षी फिरतात, म्हणून या खटल्यांना मुदत पाळायला लावावी. यातली एकही गोष्ट अशक्य नाही.

वाचकांसाठी एवढेच: विभागाचा टोल-फ्री क्रमांक १०६४ आहे. पैसे देण्याआधी फोन करा. नाइलाजाने द्यावे लागले असतील, तर सात दिवसांच्या आत तक्रार करा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर कायदा अशा माणसाला गुन्हेगार धरत नाही.